चिऊताईचं दार आणि आमचं प्रकट वाचन

मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका शाळेत मी तिसरीला शिकवतो. मुलांची घरची भाषा कोरकू. ती मुंडा कुळातली, मराठीशी तिचं नातं नाही, त्यामुळे बहुतेकांना मराठी भेटते ती शाळेतच. तरी तिसरीपर्यंत अक्षरं पक्की होतात. अडतं ते पुढे. वाचायला उभं केलं की मूल ओळीखाली बोट धरून एकेक शब्द सुटा टाकत जातं, नाहीतर सरळ पाढ्यांचा हेल लावतं. ओळ संपली की सूर वर, मग वाक्य संपलेलं असो वा नसो.

त्यात निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाचं उद्दिष्ट आहे: तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून. शब्द घड्याळ लावून मोजता येतात, अर्थाचं काय? मुलंही हुशार. घड्याळ दिसलं की पूर्णविराम गिळून पळत सुटतात.

म्हणून मी काही दिवस घड्याळ कपाटात ठेवलं आणि चिऊ-काऊची गोष्ट घेतली. आधी पाचवीतल्या एका मुलीला ती कोरकूत सांगायला लावली. शेणाचं घर पावसात वाहून गेलं, यावर वर्ग पोट धरून हसला. मग मराठी गोष्ट फळ्यावर लिहिली आणि कुठे थांबायचं तिथे तिरप्या रेघा मारल्या. 'झाडाच्या' ओळीच्या टोकाला आणि 'खाली' पुढच्या ओळीवर असेल, तर मुलं हमखास मध्ये श्वास घेतात. त्या दोन शब्दांना जोडणारी एकच कमान काढली की एका दमात वाचतात.

खरी मजा आली 'चिऊताई, चिऊताई, दार उघड' या ओळीला. कावळा ती पुन्हा पुन्हा म्हणतो आणि चिऊताई बाळाची अंघोळ, तीट, कपडे अशी कारणं सांगत राहते. मी विचारलं, पहिल्यांदा कावळा किती भिजलाय? आणि शेवटी? त्यावर वाद झाला. कुणी रडवेलं वाचलं, कुणी चिडून. एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, शेवटचं 'दार उघड' अगदी पुटपुटली. मला वाटलं लाजली. विचारलं तर म्हणाली, "थंडीनं आवाज निघत नाही त्याचा, सर."

नमुना म्हणून मी स्वतः फार रंगवून वाचत नाही. वाचलं की सगळा वर्ग माझ्याच आवाजात वाचायला लागतो, आणि ते पाढ्यांइतकंच कंटाळवाणं. वाचताना मध्येच उच्चारही सुधारत नाही. चमच्यातला च आणि चहातला च वेगळा, हे नंतर सांगता येतं. मध्ये टोकलं की मूल गप्प होतं ते होतंच. त्यापेक्षा मोबाईलवर रेकॉर्ड करून त्यांचं त्यांना ऐकवतो. स्वतःचा हेल ऐकून ती लोळतात हसून, आणि पुढच्या खेपेला निम्मा हेल आपोआप जातो.

संवादांचे पाठ आता बरे वाचतात. माहितीचे पाठ मात्र अजून सपाट आहेत. पाण्याच्या बचतीवरचा उतारा कुणाच्या आवाजात वाचायचा, असं एकानं विचारलं. सध्या आम्ही तो गावातल्या दवंडीसारखा वाचून बघतोय.