सीजे-३बी: हॅन्डब्रेकच्या ड्रममध्ये येणारं तेल नेमकं कुठून?

गाडी महिंद्राची जुनी जीप, सीजे-३बी. तीन गिअरचा टी-९० बॉक्स आणि त्याच्या पाठीला जोडलेला स्पायसर १८ ट्रान्सफर, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी. तक्रार ओळखीची आहे: उभ्या गाडीखाली तेलाचा डाग, आणि हॅन्डब्रेक पकडत नाही. या जीपचा हॅन्डब्रेक ड्रम ट्रान्सफरच्या मागच्या शाफ्टवरच बसतो, त्यामुळे तिथलं सील पाझरलं की तेल सरळ ब्रेकच्या लायनिंगवर (घर्षणाच्या पट्टीवर). गॅरेजमध्ये डोळे झाकून सील बदललं जातं आणि थोड्याच दिवसांत ड्रम पुन्हा ओला होतो.

आधी धुणं. आपल्याकडचा काळ्या मातीचा धुरळा तेलावर बसून असा थर धरतो की गळतीचं मूळ दिसतच नाही. डिझेल आणि ब्रशने खरवडून काढलं, रॉकेलच्या चिंधीने पुसलं, कोरडं झाल्यावर जोडांवर आणि सीलांभोवती टाल्कम पावडर मारली. मग १०-१५ किलोमीटर चालवून, तेल गरम असतानाच खाली शिरायचं. वाऱ्याने तेल मागे आणि खाली ओढलं जातं, म्हणून सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा धरायची. हे काम मे महिन्यातच करा. भुसावळच्या ४५ अंशांत तेल इतकं पातळ होतं की डिसेंबरात लपलेली गळतीही उघडी पडते.

बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या आवरणाच्या) तळाचं भोक कोरडं निघालं. तिथे तेल असतं तर आधी वास घ्यायचा: गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो. तो नसेल आणि तेल काळं, पातळ असेल तर दोष इंजिनाच्या मागच्या सीलाचा. त्यासाठी गिअरबॉक्सचं पॅकिंग बदलून काही उपयोग नाही.

खरा उलगडा लेव्हल प्लगांवर (तेलाची पातळी बघायच्या बुचांवर) झाला. गाडी सपाटीवर उभी करून दोन्ही प्लग उघडले. गिअरबॉक्समध्ये तेल काठाच्या बरंच खाली, आणि ट्रान्सफरमधून मात्र भळाभळा बाहेर. म्हणजे दोघांमधल्या सीलातून तेल मागे सरकतंय. गिअरबॉक्स कमी दिसला की त्यात टॉप-अप होतो, ते तेलही ट्रान्सफरमध्ये जातं आणि मागच्या सीलावर चढतं. (उलट दिशेचा प्रवासही होतो, म्हणून दोन्ही प्लग एकाच वेळी उघडावेत.) त्यात ब्रीदर (हवा बाहेर जायचं छिद्र) मातीने बुजलेला. गरम हवेला वाट नसली की नवं सीलही तेल थोपवू शकत नाही.

मधलं सील बदलायचं तर ट्रान्सफर उतरवावा लागतो. मागचं पीटीओ कव्हर (बाहेरच्या यंत्राला ताकद द्यायच्या जोडणीचं झाकण) काढून मेनशाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या मुख्य दांड्याचा, नट सोडायचा. पण त्याआधी गिअरबॉक्सचं वरचं कव्हर उघडून, सेकंड गिअरच्या मागे मेनशाफ्टला तारेचा फास घालून दोन्ही टोकं कव्हरच्या बोल्टांना बांधायची. हे टाळलं तर ट्रान्सफर ओढताना शाफ्टही मागे येतो आणि आतली जुळणी विस्कटते. मग पूर्ण बॉक्स खोलण्याशिवाय इलाज नाही.

मागच्या योकवर (शाफ्टच्या टोकाला प्रोपेलर शाफ्ट जोडणाऱ्या तुकड्यावर) सीलाच्या ओठाने खाच पाडलेली होती. नखाला लागेल एवढी खाच असेल तर स्लीव्ह (पातळ धातूचं कडं) चढवा, नाहीतर सील दीड-दोन मिलिमीटर कमी आत बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या पृष्ठभागावर टेकतो. योकच्या आतल्या स्प्लाइनमधूनही (खाचांमधूनही) तेल येतं आणि दोष सीलावर जातो; म्हणून वॉशरखाली सीलंटचा पातळ थर हवाच. मागची कॅप उघडली तर शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) जशाच्या तशा परत घाला, टेपर बेअरिंगची ढिलाई त्यांच्यावरच ठरते.

तेल एसएई ९० (घट्टपणा), जीएल-४ (दर्जा): गिअरबॉक्सला सुमारे १.४ लिटर, ट्रान्सफरला सुमारे १.५. जीएल-५ मधली रसायनं सिंक्रोच्या (गिअर सहज पडावेत म्हणून असलेल्या) पितळी रिंगा खाऊ शकतात, तेव्हा दुकानदार काहीही म्हणो, डब्यावरचा शिक्का वाचून घ्या.

सध्या सपाटीवर सगळं कोरडं आहे. तेल प्यायलेलं लायनिंग धुऊन सुधारत नाही, ते नवं लावायचं आहे. त्यानंतर चाळीसगावहून कन्नडचा घाट. चढणीवर तेल मागे साचतं, म्हणून माथ्यावर थांबून मागचं सील पाहायचं. उतरून आल्यावर पुढच्या शाफ्टचं सील आणि लिव्हरच्या दांड्यांची छोटी सीलं. शेवटी, गाडी थंड झाल्यावर, दोन्ही लेव्हल प्लग पुन्हा उघडायचे.