पानभर बत्तीस

फोन बंद पडला तरी लोक मला बोलावतात आणि बिल जास्त आलं तरी मलाच. पेठांमधल्या छोट्या ऑफिसांचे फोन सांभाळणं हा माझा धंदा. पूर्वी ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं छोटं एक्स्चेंज, बसवायचो, आता इंटरनेटवर चालणारे फोन बसवतो. लाइन माझी नाही, बिलही मी काढत नाही. पण ज्याचं तोंड दिसतं त्याच्यावरच राग निघतो.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी नारायण पेठेतल्या एका यात्रा कंपनीच्या मालकांचा फोन आला, तोही मोबाइलवरून. तिथेच निम्मी तक्रार कळली. "अहो, या आणि हे बिल एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा." एरवी तीन हजारांच्या आत असणारं बिल साडेसात हजारांच्या वर गेलं होतं. गंगोत्री-यमुनोत्रीची दारं अक्षय्य तृतीयेला उघडतात, त्यामुळे या दिवसांत त्यांच्याकडून बाहेर जाणारे फोन वाढतात हे खरं. पण इतके नाही.

गुरुवार म्हणजे पुण्यात महावितरणचा देखभालीचा वार. वीज नव्हती. इन्व्हर्टरवर एक ट्यूब, राउटर आणि फोन एवढंच चालू होतं. जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून 48 व्होल्ट यायचे, त्यामुळे घरात अंधार असला तरी डायल टोन हजर असायचा. मालक हे मला प्रत्येक भेटीत ऐकवतात आणि मी ऐकून घेतो, कारण त्यात खोटं काही नाही.

हिशोब बघणाऱ्या काकूंनी बिलाचा तपशील छापून, स्टेपल करून ठेवला होता. कालावधीच्या रकान्याला पेन्सिलने चौकट. 32, 32, 32, 33, 32, 19, 32. पान उलटलं तरी तेच. एकाच मोबाइलला लागोपाठ पाच कॉल आणि पाचही 32 सेकंदांचे. प्लॅन 60 सेकंदांच्या पल्सचा, म्हणजे 32 सेकंद बोला नाहीतर पूर्ण मिनिट, पैसे सारखेच. जे बोलणं एका कॉलमध्ये तीन मिनिटांत बसलं असतं, त्याला पाच मिनिटं लागली होती. वर प्रत्येक वेळी "कुठपर्यंत आलो होतो आपण?" हे आलंच. फुकट मिनिटं पहिल्या आठवड्यातच संपली आणि पुढे रुपयाला मिनिट.

मी पानं चाळत होतो तेवढ्यात काकूंनी एक फोन लावला. "हॅलो काका, केदारनाथचं रजिस्ट्रेशन झालं, आधारची झेरॉक्स आणा, डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा, गोळ्या पंधरा दिवस पुरतील एवढ्या, स्वेटर दोन, आता कट होईल, परत लावते." आणि कट झाला. सगळं एका दमात, गाडी सुटताना खिडकीतून सांगतात तसं. "अर्ध्या मिनिटात बसवायची सवय झालीय आता," त्या म्हणाल्या. "पण म्हातारी माणसं बिचकतात हो. त्यांना वाटतं, मीच चिडून फोन आपटला."

त्यांनी तक्रारी केल्या नव्हत्या असं नाही. इंटरनेटवाले म्हणाले, स्पीड टेस्ट करा. केली, 100 एमबीपीएस. आता एका कॉलला प्रत्येक दिशेला 100 केबीपीएस, म्हणजे एका एमबीपीएसचा दहावा हिस्सादेखील लागत नाही, त्यामुळे त्या आकड्याने काहीच सिद्ध होत नाही. पण कस्टमर केअरच्या पोराला तेवढाच आकडा वाचता येतो. फोनवाली कंपनी वेगळी. तिथून विचारणा झाली, मोबाइल नंबरच्या आधी शून्य लावता का? काकूंनी उत्तर दिलं, "15 जानेवारी 2021 पासून लावतोय. आणि नसतं लावलं तर फोन लागलाच कसा असता?"

मला ते 32 बघितल्यावरच हायसं वाटलं. फोन कधी दहाव्या सेकंदाला तुटतो, कधी चौथ्या मिनिटाला, तेव्हा माणूस हवेत काठी फिरवत राहतो. नेमक्या बत्तिसाव्या सेकंदाला तुटतो तेव्हा कुठेतरी घड्याळ लावलेलं आहे. इंटरनेटवरचे बहुतेक फोन सिप नावाच्या नियमांनी चालतात. समोरच्याने फोन उचलला की कंपनीचा सर्व्हर आपल्याकडे '200 ओके' असा निरोप पाठवतो आणि आपल्या यंत्राने त्यावर 'अ‍ॅक', म्हणजे पोच, द्यायची. पोच आली नाही तर सर्व्हर तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवतो. 2002 सालच्या नियमावलीत त्याची मुदत ठरलेली आहे: अर्ध्या सेकंदाची 64 पट, म्हणजे 32 सेकंद. तोवर पोच नाही तर कॉल बंद. मधल्या वेळात आवाज वेगळ्या वाटेने जात असतो, त्यामुळे बोलणं छान ऐकू येतं आणि लाइन ठणठणीत आहे असंच वाटतं.

पोच हरवत कुठे होती? काकूंना विचारलं, मध्यंतरी काही बदललं का? रस्ता खोदला तेव्हा फायबर तुटली होती. पुण्यात यात नवल काही नाही. केबल जोडायला आलेल्या मुलाने राउटरही बदलून दिला होता. त्या राउटरमध्ये सिप एएलजी नावाची एक सोय असते. फोनच्या निरोपांमधले आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यांत बदलून मदत करावी, असा तिचा हेतू. प्रत्यक्षात ती बरेचदा अर्धेच पत्ते बदलते आणि पोच भलतीकडे जाते. घरगुती राउटरमध्ये ही सोय आपणहून चालू का ठेवतात, हे मला इतक्या वर्षांत कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

लॅपटॉप लावून एक कॉल टिपला. एका बाजूला '200 ओके', '200 ओके', '200 ओके' अशी रांग, आमची पोच चुकीच्या पत्त्यावर, आणि बत्तिसाव्या सेकंदाला 'बाय'. तो 'बाय' फोन कंपनीच्या सर्व्हरकडून आलेला.

राउटरचा पासवर्ड इंटरनेटवाल्यांकडे. तो मिळवण्यात दुपार गेली. एएलजी बंद केलं, कॉल नीट चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा 32. इंटरनेट कंपनीने रात्री दुरून सेटिंग पाठवून सगळं होतं तसं करून ठेवलं होतं. शेवटी मी फोन कंपनीकडून सिपचे निरोप कूटबद्ध करून घेतले. राउटरला आतलं वाचताच येईना, म्हणून ढवळाढवळही थांबली.

बिलाचं काय? फोन कंपनीच्या बाईंचं म्हणणं, "सर, कॉल कनेक्ट झालाय, चार्ज लागणारच. प्रॉब्लेम तुमच्या राउटरचा होता." राउटरचं खरं होतं. पण मी त्यांना टिपलेला कॉल पाठवला आणि विचारलं, पोच आली नाही म्हणून तुमच्याच सर्व्हरने कॉल तोडला. म्हणजे कॉल पुरता जुळलेला नाही, हे तुमच्या यंत्राला प्रत्येक वेळी माहीत होतं. मग मीटर कुणाच्या सांगण्यावरून फिरला? आणि एकाच खात्यावर दिवसाला शेकड्यांनी 32 सेकंदांचे कॉल तुटताना तुमच्याकडे कुणालाच कसे दिसले नाहीत? त्या म्हणाल्या, "बिलिंगची टीम वेगळी आहे सर."

हे मात्र मी मानायला तयार नव्हतो. तक्रारीचा डॉकेट नंबर घेतला आणि ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2012 च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे अपील प्राधिकाऱ्याकडे जाऊ, असं मालकांच्या सहीने लिहून दिलं. त्यानंतर एकदम चक्रं फिरली. 32 आणि 33 सेकंदांच्या कॉलचे 2,600 रुपये पुढच्या बिलात वळते करू, असा मेल आला. कारण म्हणून लिहिलं होतं 'सदिच्छा सवलत'. चूक झाली असं कुठेही नाही. इंटरनेट कंपनीने तक्रार परस्पर बंद केली आणि काकूंना पाचपैकी किती तारे द्याल असा मेसेज पाठवला.

मला वाटलं, संपलं. मी माझं बिल ठेवलं. मालकांनी ते बाजूला सारलं आणि कॅल्क्युलेटर पुढे ओढला. "हे 2,600 नुसते कॉलचे. यावर 18 टक्के जीएसटी घेतला होता की नाही? 468 रुपये. टूरवर 5 टक्के लावतो आम्ही, आम्हाला इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. ते खिशातूनच गेले ना?"

हिशोब चोख होता. काकूंनी नवा कागद घेतला आणि वर तोच डॉकेट नंबर घातला.