आमची वाटचाल: हुमण-शिताला साडेतीन हजार का घेतो

"हुमण-शिताला, म्हणजे माशांच्या आमटी-भाताला, माणशी साडेतीन हजार?" आमच्या जुन्या घरातल्या पंगतीच्या बुकिंगच्या फोनवर मी सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य हे. आणि विचारणारे बाहेरचे पर्यटक नसतात, आपलेच असतात, फोंड्याचे, मडगावचे, म्हापशाचे. हेच लोक लग्नाच्या वाढदिवसाला किनाऱ्यावर जाऊन पास्त्याला तेवढेच पैसे देतात, वर सर्व्हिस चार्ज देतात, फोटो टाकतात, तेव्हा काही वाटत नाही. आपल्या आजीच्या पद्धतीचं जेवण मात्र स्वस्तच पाहिजे. हे मला लागतं, आजही लागतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

सुरुवात थोडक्यात सांगतो. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या आणि भावाचे ट्रक दारात उभे राहिले. मी तेव्हा पणजीत एका हॉटेलात एफ अँड बी (खाणंपिणं) विभागात होतो. ट्रक मिळेल त्या किमतीला विकले, त्यात माझा पीएफ घातला, आणि मार्दोळच्या पुढे आमचं जे जुनं घर आहे, राजांगणाचं (मधल्या चौकाचं), मातीच्या भिंतींचं, ते नीट केलं. कल्पना एकच होती. एखाद्या घरात एकसष्टी आहे, मुंज आहे, पन्नासावा वाढदिवस आहे, तर ते जेवण जुन्या गोंयकार घरात जसं होत असे तसं व्हावं. राजांगणात पंगत, पाटावर (गुडघे दुखणाऱ्यांना बसायला चौरंग आहेत), केळीचं पान, चुलीवरचा स्वयंपाक, आणि एका वेळी एकच कुटुंब किंवा फार तर दोन. मेन्यू कार्ड हातात देत नाही. आदल्या दिवशी फोनवर विचारतो, कोण कोण येतंय, कोणाला काय चालत नाही, कोणाचा कसला वार आहे. सोमवारी फक्त शिवराक, म्हणजे शाकाहारी. त्यावरून बाहेरगावचे लोक भांडलेत माझ्याशी, पण सोमवारी या घराच्या चुलीवर नुस्तं (मासे) कधी चढलं नाही आणि चढणार नाही.

आता साडेतीन हजार कुठे जातात ते बघा.

आमच्याकडे वाटण रगड्यावर (दगडी वाटणावर) होतं. मिक्सर आहे, तो ज्यूसला. मिक्सरात खोबरं गरम होतं, तेल सुटतं, आणि हुमण उकळलं की वर वेगळा तवंग येऊन खाली पाणी राहतं. रगड्यावर वाटलेलं खोबरं शेवटपर्यंत एकजीव राहतं, हे खाणाऱ्याला सांगावं लागत नाही. पण दहा-बारा माणसांचं वाटण म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातल्या मावशीचा दोन तासांचा घाम आहे, आणि ते आदल्या रात्री करून फ्रीजमधे ठेवता येत नाही, त्याच दिवशी झालं पाहिजे. मिरची खोल्याची, काणकोणहून येते, रंग तिचा आणि तिखट बेताचं. तेफळां (तिरफळं) वाटायची नाहीत, मिठाच्या पाण्यात थोडी चेचून शेवटी सोडायची, बी काढून. बी राहिली तर कडवट लागतं आणि दाताखाली येते.

हुमण कुंडल्यात, म्हणजे मातीच्या भांड्यात होतं. कुंडली डिचोलीहून. नवीन कुंडलं रात्रभर पाण्यात, मग त्यात पेज उकळायची, मग दोन-तीनदा साधं काहीतरी शिजवायचं, तेव्हा कुठे त्यात आंबट घालायचं. आणि फुटतात. सीझनला किती फुटतात ते माझ्या बायकोला विचारा, हिशोब तिच्याकडे असतो.

खतखतें (अनेक भाज्यांची एकत्र भाजी) आणि वरण तांब्याच्या भांड्यात. तांब्यात आंबसोल घालायचं तर आत कल्हई लागते, कल्हई उडाली आणि तसंच शिजवलं तर ते खाण्यालायक नाही. पूर्वी कल्हईवाला दारावर यायचा, आता मला गाडी पाठवून आणावा लागतो, त्याची राहायची सोय करावी लागते. तो भाता मारून भांडं तापवतो, नवसागर टाकतो, धूर होतो, मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने एका हातात पुसत जातो आणि काळं भांडं आतून आरशासारखं होतं. हे बघायला मी पाहुण्यांच्या मुलांना बोलावतो, मोबाईल खाली ठेवून बघतात पोरं.

नुस्तं शक्यतो खाजनातलं (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातलं), दुर्भाटच्या बाजूचं, मानशीवर (बांधाच्या पाण्याच्या दारावर) पकडलेलं. शेवटे, काळुंद्रं, सुंगटां (कोळंबी), कधी चोणक. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते तेव्हा समुद्राचं बंद, पण नदीचं आणि खाजनाचं मिळतं, भाव मात्र विचारू नका. ऑगस्टात अळमी (रानातली भूछत्रं) आली की तीही तशीच, वारुळावरची, उसगावच्या रस्त्याला बसतात विकायला, सकाळी सातला गेलात तर मिळेल. अळमीचं तोंडाक (रस्साभाजी) ज्याने पानावर खाल्लं तो माणूस नंतर किंमत विचारत नाही.

बरं. आता २०१७ बद्दल.

हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारू विकायची नाही हा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला १५ डिसेंबर २०१६ ला, आणि ३१ मार्च २०१७ ला वीस हजारापर्यंत लोकवस्ती असेल तिथे अंतर २२० मीटर केलं. अपघात बघून दिलेला निकाल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमचं घर पणजी-फोंडा हायवेला लागून. १ एप्रिलला बार बंद. एप्रिल म्हणजे उर्राकचा (काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा) महिना, आणि या धंद्यातल्यांना सांगायला नको की अशा जागी जेवणाचा खर्च जेवणातून जेमतेम निघतो, जो काही सुटतो तो बारमधून सुटतो. आमच्याकडे जेवणाआधी ओसरीवर उर्राक किंवा फेणी आणि त्याबरोबर सुक्या सुंगटांची किस्मूर, हे लोकांना फार आवडायचं, पुरुषमंडळी त्यासाठीच बुकिंग करायची. ते गेलं. मग १ जुलैला जीएसटी आला. एसी किंवा लिकर लायसन्स असलेल्यांना १८ टक्के, आणि आमच्या नावावर लायसन्स होतंच, बार बंद असला म्हणून काय झालं. नोव्हेंबरच्या मध्याला तो ५ टक्क्यांवर आला पण तोपर्यंत पावसाळा, श्रावण, चवथ (गणेशचतुर्थी) सगळं निघून गेलं होतं. (नवीन रेस्टॉरंट काढणाऱ्यांनो, स्पेशल ऑकेजनचा भाव नेहमी टॅक्स धरून सांगा. वाढदिवसाच्या दिवशी बिलाखाली आलेला आकडा माणसाचा मूड घालवतो आणि तो पुन्हा येत नाही.)

आणि याच वेळी किनाऱ्याकडे ते दुसरं उघडलं. नाव लिहीत नाही. थीम तीच, जुनं गोंयकार घर. घर नव्हतंच, कॉंक्रीटच्या हॉलला आतून फळ्या मारलेल्या, फायबरचं तुळशीवृंदावन, दारात रगडा ठेवलेला आणि त्यात पाणी भरून फुलं सोडलेली. रगड्यात फुलं! वाटण आत मिक्सरवर. वाढणाऱ्या मुलींना कुणबी साड्या, आणि दर तासाला टेबलांच्या मधे धालो. धालो पौषात बायका मांडावर (त्यासाठी ठरलेल्या जागेवर) खेळतात, घालायचे नियम आहेत, उजवायचे नियम आहेत, तो मांड देवाचा असतो, लोक खेकडा फोडत असताना बाजूला नाचवायची गोष्ट नाही ती. मी एकदा जाऊन जेवून आलो, पूर्ण बिल भरून. पान उलटं मांडलेलं. पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो हे शेंबड्या पोराला माहीत असतं आपल्याकडे. मीठ कुठे, लोणचं कुठे, कशाचा कशाला पत्ता नाही. आणि भाव आमच्यापेक्षा जास्त.

ते सगळं मी सोडून दिलं असतं. पण माझ्या बायकोने बसून लिहिलेला मजकूर, पंगतीत काय कशानंतर वाढतात आणि का, जो आम्ही पाहुण्यांना छापून देतो, तो त्यांनी जसाच्या तसा उचलला. स्वल्पविरामासकट. त्यात आमची "सोमवारी फक्त शिवराक" ही ओळही आली आणि त्याच कार्डाच्या मागे सोमवारची क्रॅबची ऑफर छापलेली. मी रजिस्टर पत्र पाठवलं, उत्तर नाही. आणि ऐन नोव्हेंबरात, डिसेंबरचं बुकिंग हातात असताना, त्यांनी आमचा मुख्य कुक नेला. हा मुलगा माझ्याकडे भांडी घासायला आला होता, चुलीची आच कशी धरायची इथपासून मी आणि मावशीने त्याला शिकवलं. जास्त पगार मिळतो म्हणून जाणं मी समजू शकतो, घर सगळ्यांना आहे. पण गुरुवारी रात्री मेसेज टाकून शुक्रवारी नाही, आणि शनिवारी माझ्याकडे एकसष्टीची पंगत, हे मी समजू शकत नाही.

त्या शनिवारची पंगत मडगावच्या डॉक्टरांची. दातांचे डॉक्टर, पहिल्या सीझनपासूनचे आमचे, दरवर्षी आईचा वाढदिवस आमच्याकडे करतात. एकसष्टी त्यांची स्वतःची होती. एप्रिलमधे बार बंद झाला तेव्हा बाकीच्यांनी बुकिंग रद्द केली, यांनी उलट फोन करून सगळी रक्कम आगाऊ भरली, म्हणाले "भाऊ, आमच्या घरात कोण पीत नाही, तुम्ही फक्त बंद करू नका". असा माणूस. मी त्यांना कुकचं सांगितलं, म्हटलं पैसे परत घ्या. ते म्हणाले, रगडा आहे ना जाग्यावर?

सकाळी आठला त्यांची आई, माई, ऐंशीच्या पुढच्या, सगळ्यांच्या आधी गाडीतून उतरल्या आणि सरळ मागच्या दाराने स्वयंपाकघरात. मावशी वाटत होती. माईंनी रगड्यातलं वाटण अंगठा आणि बोटात धरून चोळलं आणि म्हणाल्या, "हें आनीक बारीक जाय गो" (हे अजून बारीक पाहिजे). मावशी काही न बोलता परत वाटायला लागली. मग माझ्याकडे वळून, "आनी तूं कितें पळयता रे पुता? चूल पेटय" (तू काय बघत बसलास, चूल पेटव). मी फुंकणी घेऊन बसलो. हॉटेलात इतकी वर्षं काढली पण चाळीस माणसांचा स्वयंपाक स्वतः चुलीसमोर कधी उभा केला नव्हता. माई स्टुलावर बसून सांगत होत्या, बायको भाज्या चिरत होती, खतखत्याला सुरण, कणंग, करांदे, मुळा, आणि भाऊ, ज्याचे ट्रक गेले तो, पानं पुसत होता. हुमणाला तेफळां किती घालू विचारलं तर माईंनी माझ्या तळहातावर मोजून दिली आणि एक परत काढून घेतली.

पंगत एकला बसली. मीठ, लोणचं, कोशिंबीर, भात, वरण, तूप, मग तोंडाक, खतखतें, तळलेलं काळुंद्र, हुमण, सोलकढी आणि शेवटी मणगणें (चणाडाळीची खीर). एका पानावर काही उरलं नाही. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर मावशीला शाल दिली, ती शाल त्यांना स्वतःला मिळालेली होती. मावशीने ती अजून कपाटात घडी करून ठेवली आहे, वापरत नाही.

आमचं त्या दिवशी ठरलं. नवीन कुक आणायचाच नाही. मावशी मुख्य, मी चुलीवर, आणि एका दिवशी एकच पंगत. भाव वाढवला तो तेव्हा. पुढच्या फेब्रुवारीत कोर्टाने पंचायत भागांत ही बंदी लावायची की नाही ते राज्यांवर सोपवलं आणि बार परत सुरू झाला, पण आता तो चालला नाही तरी चूल चालते, हिशोबच तसा बसवलाय. नंतरची वर्षं बरी गेली. कोविडचं सगळ्यांचं तेच, त्यावर लिहीत नाही.

ज्यांना खास दिवस अशा जागी करायचाय त्यांना सांगतो, आमच्याकडे या किंवा कुठेही जा, थीम म्हणजे भिंती नव्हेत. बुकिंगच्या आधी विचारा की स्वयंपाकघर बघायला मिळेल का. नाही म्हणाले तर जाऊ नका. ज्यांचा वाढदिवस आहे त्यांना लहानपणी काय आवडायचं ते आदल्या दिवशी सांगा, चांगला यजमान ते पानावर आणतो. केक आणा, पण जेवणाच्या आधी कापू नका, गोड तोंडाला हुमण लागत नाही. आणि हे धंदा करणाऱ्यांना: आपल्या जेवणाचा भाव सांगताना आवाज खाली करू नका. मी करत नाही.

ते दुसरं रेस्टॉरंट अजून चालू आहे. गर्दीही असते. माझ्या बायकोचा मजकूर अजून त्यांच्या कार्डावर आहे, दरवर्षी मी पत्र पाठवतो, यंदाही पाठवलंय. आमचा जुना कुक मागच्या पावसाळ्यात आला होता, परत घेता का विचारायला. मी त्याला चहा दिला आणि सांगितलं, मुख्य मावशीच राहील, तुला रगड्यापासून सुरुवात करावी लागेल. विचार करून सांगतो म्हणाला. सांगितलं नाही. त्या जागी मावशीची भाची लागली आहे, बारावी झालेली, हात चांगला आहे, चवथीपासून तिला पूर्ण पगार चालू केला.