दगडावर शेठचं नाव, पण पैसा कोणाचा?

आपल्या खान्देशात जुन्या पेठेच्या कुठल्याही गावात जा, स्टेशनच्या रस्त्याला नाहीतर नदीच्या घाटाकडे एखादी धर्मशाळा असतेच, दारावर संगमरवरी पाटी, अमुक शेठ यांनी स्वर्गवासी मातोश्रींच्या स्मरणार्थ वगैरे. आमच्याकडच्या अशाच एका धर्मशाळेच्या जुन्या वह्या मागच्या वर्षी चाळायला मिळाल्या आणि तेव्हापासून त्या पाट्यांकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघायला लागलोय.

इथे सदावर्त चालायचं. म्हणजे जेवणाची पंगत नाही, कोरडा शिधा: पीठ, डाळ, मीठ. बैरागी, वारकरी, प्रकाशाला तापीवर जाणारे लोक, नर्मदा परिक्रमेवाले, सगळे शिधा घेणार आणि ओट्यावर स्वतः चूल मांडून शिजवणार. हा सगळा खर्च रोजमेळात, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, लिहिलेला आहे, आणि खरं सांगू का, तो भाग वाचायला कंटाळवाणाच आहे, पीठ पीठ डाळ पीठ. मजा जमेच्या बाजूला आहे. तिथे शेठच्या देणग्या अधूनमधून येतात, सणावाराला, घरात पोरगा झाला की, पण सालभर नेमाने येणारी जी रक्कम आहे तिच्यापुढे एकच शब्द, धर्मादा.

आता ज्यांच्या घरी कापूस होता त्यांना हे माहीत असेल. गाडी अडत्याकडे, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाकडे, उतरली की पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठीत, हमाली कापायची, तोलाई कापायची, अडत म्हणजे त्याची दलाली कापायची, आणि त्यातच खाली धर्मादा, धर्मकार्याच्या नावाने केलेली कपात. रक्कम किरकोळ म्हणून कोणी भांडायचं नाही, आणि देवाधर्माच्या नावावर भांडणार तरी कसं. तो पैसा व्यापाऱ्याच्या वहीत धर्मादा खात्याला जमा व्हायचा आणि तिथून धर्मशाळा, पांजरपोळ (म्हाताऱ्या, भाकड जनावरांचा आसरा), पाणपोई. तिथले जुने मुनीम आप्पा मला वही दाखवता दाखवता सहज बोलून गेले, "दगडवर नाव शेठनं शे भो, पैसा मातर शेतकरीस्ना."

शेठ लोकांना नावं ठेवायची नाहीत मला. जागा त्यांनी दिली, हिशोब ठेवला, नाहीतर शेतकऱ्याचा तो पैसा असाच विरून गेला असता. पण दाता म्हणून एकाचंच नाव लागलं हे काही पटत नाही बुवा.

आणि ही पद्धत काही इंग्रजांच्या काळातली नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवीला जो शिलालेख आहे ना, शके ११२८ चा, तो लोक भास्कराचार्यांसाठी बघायला जातात. त्यांचा नातू चांगदेव, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. वरचा भाग संस्कृत, पण शेवटी शेवटी भाषा बदलते, जुनी मराठी येते, कारण तिथे बाजाराचा विषय आहे: पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरचा वाटा मठाला, तेलाच्या घाण्यांकडून तेल मठाला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी पण दान राजाचं आणि तेल घाणेवाल्याचं!

सरकारला हे कळलेलं होतं. १९२७ साली मुंबई इलाख्यात कापूस बाजाराचा कायदा आला तो पट्टीतल्या अशाच मनमानी कपातींवर लगाम बसावा म्हणून. आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात तर कलम ५४ खास धर्मादावरच आहे: ही रक्कम कापून घेणारा व्यापारी तिचा मालक नाही, विश्वस्त आहे, आणि तिचा हिशोब त्याने धर्मादाय कार्यालयात द्यायचा. हे कलम कितीजणांना माहीत असेल देव जाणे.

कोणाला आपल्या गावच्या संस्थेचं बघायचं असेल तर सुरुवात धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीच्या उताऱ्यापासून करा, त्यात विश्वस्त, मिळकत, उद्देश सगळं असतं. विश्वस्त बदलले की कलम २२ खाली चेंज रिपोर्ट द्यावा लागतो आणि जमीन विकायची तर कलम ३६ ची परवानगी, त्यामुळे संस्थेच्या कारभारात काही भानगड असेल तर ती कधी सुरू झाली ते या दोन फायलींवरून बरंचसं कळतं. जुन्या वह्या मात्र विक्रम संवतात असतात, दिवाळी ते दिवाळी, छप्पन्याचा दुष्काळ म्हणजे संवत १९५६, इंग्रजी १८९९-१९००, हे गणित डोक्यात ठेवलं नाही तर सरकारी कागद आणि वही कधी जुळणार नाही. लिपी कुठे मोडी, कुठे व्यापाऱ्यांची महाजनी. मोडीवाले धुळ्या-जळगावला मिळतात, महाजनी वाचणारे हातावर मोजण्याइतके, तेही सगळे म्हातारे.

वह्या ट्रस्टकडे असतात, पण पट्ट्या आपल्या घरात असतात. आजोबांच्या पेटीत कापसाच्या जुन्या पट्ट्या असतील तर रद्दीत घालू नका, धर्माद्याची ओळ दिसली की फोटो काढून अडत्याचं गाव आणि संवत लिहून मला पाठवा, व्यापाऱ्याची बाजू वहीत सापडते, शेतकऱ्याची फक्त तिथेच सापडेल.