साडेअकराचा घोळ

सॉफ्टवेअरवाल्यांच्या परिषदेच्या आदल्या रात्री मी जेवणाच्या टेबलावर वेळापत्रक पसरून बसलो होतो. सगळं अ‍ॅपमध्ये असतं, पण अ‍ॅपमध्ये एका वेळी एकच हॉल दिसतो आणि मला चारही हॉल शेजारीशेजारी हवे होते. म्हणून ऑफिसातून मोठा प्रिंट काढून आणला होता. हातात पेन्सिल, बाजूला खोडरबर.

"बस्ता बांधायला बसल्यासारखा बसलायस," बायको म्हणाली. "जे आवडेल ते ऐक आणि घरी ये."

आजोबांना हा ताप नव्हता. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला म्हणजे एका संध्याकाळी एक व्याख्यान. आजोबा टिळक स्मारक मंदिरात विषय न वाचताच जायचे. वक्ता रटाळ निघाला तर खुर्चीत डुलकी, रंगला तर घरी आल्यावर आम्हाला तेच व्याख्यान पुन्हा, हातवाऱ्यांसकट.

माझे काही ठोकताळे आहेत. शीर्षकात 'भविष्य' असेल तर काट. वक्ता प्रायोजक कंपनीचा असेल तर काट. ते व्याख्यान नसतं, साडीच्या दुकानातली गादी असते. 'आम्ही कसे फसलो' अशा अर्थाचं काही असेल तर डोळे मिटून टिक. फसलेला माणूस खरं बोलतो आणि बहुधा वेळेतही संपवतो.

एवढी चाळण लावूनही साडेअकराला तीन टिका उरल्या. त्यातली एक रस्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेवरची. टिका पुन्हा बघताना जाणवलं की अशा बऱ्याच टिका मी एका दुसऱ्याच माणसासाठी मारल्या होत्या. तो पहाटे पाचला उठतो, नवी भाषा शिकतो, रात्री शोधनिबंध वाचतो. तो आमच्या घरी राहत नाही. आमच्याकडे राहणाऱ्याचा सोमवारी सकाळी ग्राहकांच्या यादीतला शोध चालत नाही म्हणून फोन वाजतो. 'रेकॉर्डिंग येईलच' अशीही मी स्वतःची समजूत घालून पाहिली, पण गेल्या वर्षीची रेकॉर्डिंगं अजून तशीच पडलेली आहेत.

आणि वेळापत्रकावर तरी किती भरवसा ठेवायचा? १९९१ च्या डिसेंबरात अमेरिकेत सॅन अँटोनिओला हायपरटेक्स्टवरची, म्हणजे दुव्यांनी जोडलेल्या मजकुरावरची परिषद भरली, तेव्हा वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचा वर्ल्ड वाइड वेबवरचा निबंध निवड समितीने नाकारला होता. प्रात्यक्षिक दाखवायला तेवढी जागा मिळाली. भाषणांच्याच यादीवर टिका मारत बसलेल्याला वेब दिसलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी पेठेतून बालेवाडीला जाताना बीजभाषण विद्यापीठ चौकातच संपलं. साडेअकराला रस्टच्या दारात गळ्यात पट्टा घातलेला मुलगा हात आडवा करून उभा, "काका, जागा नाही." 'काका'ही लागलं. दुसऱ्या टिकेचा हॉल वरच्या मजल्यावर होता आणि जिन्यातच चहाची रांग. म्हणून शेजारच्या हॉलात शिरलो. मोजून अकरा माणसं.

ओपन स्पेस पद्धतीच्या, म्हणजे जमलेल्यांनीच विषय ठरवायच्या बैठका रुजवणारे हॅरिसन ओवेन यांचा 'दोन पायांचा नियम' प्रसिद्ध आहे: जिथे काही शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून आपल्या पायांनी उठून जावं. नियम उत्तम आहे. पण माझ्यासह बारा झालेल्यांतून उठणं म्हणजे पंगतीत वाढलेलं पान टाकून जाणं. शिवाय व्यासपीठावर एक मुलगी होती, बहुधा पहिल्यांदाच बोलणारी. माइक दोन्ही हातांनी धरलेला. बसलो.

तिने पडद्यावर एकच आडनाव दोनदा लिहिलं. कऱ्हाडे, कऱ्हाडे. "यात फरक सांगा." कुणालाच सांगता येईना. तो भुवईसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. (आत्ता 'तऱ्हा' लिहिलं, त्यातही तो आहेच.) एकीत टिंब असलेला ऱ आणि हलन्त, दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना अक्षर तेच, संगणकाच्या लेखी शब्द दोन. युनिकोड म्हणजे संगणकात सगळ्या लिपींची अक्षरं साठवायची प्रमाण पद्धत; तिचं एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करणारं नेहमीचं प्रमाणीकरण चालवलं तरी ते एक होत नाहीत; ते जोडचिन्ह आपणच हेरून दुरुस्त करावं लागतं. शोधणाऱ्याने एका तऱ्हेने टाइप केलं की दुसऱ्या तऱ्हेचे कऱ्हाडे गायब.

सोमवारचे फोन आठवले.

जेवणाच्या सुट्टीत ताट न घेताच जिन्याच्या पायरीवर बसून लॅपटॉप उघडला आणि आमच्या यादीत शोधलं. कऱ्हाडे दोन गटांत निघाले. गोऱ्हेही दोन. दोनचं सत्र सुरू झाल्याची सूचना फोनवर वाजली, तेव्हा मी बोऱ्हाड्यांपर्यंत पोचलो होतो.