लागतंय का?

गेल्या आठवड्यात नवीन पायताण घेतलं. चप्पल म्हटलं तरी चालेल म्हणा. पण कोल्हापुरात शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनीत उभं राहायचं, कापशी जोड हातात धरायचा आणि त्याला चप्पल म्हणायचं, म्हणजे तांबड्या रश्श्याला सूप म्हणण्यासारखं आहे. दुकानातला पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा. त्यानं पायताण माझ्या पायात सरकवलं, वरचा पट्टा चाचपला आणि विचारलं, "लागतंय काय काका?"

लागत होतं. अंगठ्याच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली, दोन्हीकडं.

"लागंल. नवं हाय न्हवं?" तो म्हणाला. "चार दिस त्याल लावा. मग पायात हाय का न्हाई, कळायचं न्हाई बघा."

हुशारी करायची म्हणून तेच घालून निघालो. एप्रिलचं ऊन, दुपारचे अडीच. करकर करत बिनखांबी गणेशापर्यंत पोचलो तोवर माझा सगळा जीव दोन पायांच्या मिळून चार इंचांत येऊन बसला होता. वाटेत कोण भेटलं, कुणी हात केला, काही पत्ता नाही.

घरी येऊन पंख्याखाली बसलो तरी त्या पोराचा शब्द काही जाईना. लागणं. या एका क्रियापदाच्या गळ्यात आपण काय काय बांधून ठेवलंय! भूक लागते, तहान लागते, ऊन लागतं, ठेच लागते. उसाचा रस गोड लागतो, कारलं कडू लागतं. अंधारात चाहूल लागते, चुलीची धग लागते, लोडशेडिंगमध्ये चाचपडताना हाताला काडेपेटी लागते. शाळेत पाच ज्ञानेंद्रियं पाठ करून मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते, पण भूक त्यातल्या कुठल्या खात्यात जमा करायची ते कुणी सांगितलं नाही. डोळे मिटूनही बोट बरोबर नाकाच्या शेंड्यावर जातं, ते कुठल्या? आमची आजी शाळेत गेली नव्हती, तिचं मात्र या एका शब्दावर सगळं भागत होतं. फक्त डोळ्यांचं वेगळं. डोळ्यांना दिसतं. डोळा लागतो तेव्हा तो बंद असतो.

तिखटाचंच घ्या. तिखट लागतं म्हणतो आपण, आणि ती चव समजतो. ती चवच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहींना, म्हणजे संवेदना टिपणाऱ्यांना, जाऊन चिकटतं, ते चवीचे नव्हेतच. साधारण ४३ अंशांच्या वरची उष्णता कळवणं हे त्यांचं काम. मिरची त्यांना फसवते. ते इमानानं वर्दी देतात, आग लागली. मग मेंदू पाण्याचे सगळे नळ सोडतो. कपाळाला घाम, नाकाला पाणी, डोळ्यांना धार. मिसळीचा कट जरा जास्त झाला की "जीभ भाजली" म्हणतो, ते शरीराच्या हिशेबानं अगदी बरोबर असतं. भाजलेलं मात्र काहीच नसतं. हा ग्राही डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये शोधला, तोही मिरचीचाच माग काढत. २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या नोबेलमध्ये कोल्हापूरच्या मिसळवाल्यांचाही थोडा वाटा निघतो, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आत्याकडं एक पोपट होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याकडं जेवायला बसलो की आम्ही पोरं नाक ओढत रस्सा खायचो आणि तो पिंजऱ्यात एका पायावर उभा राहून, दुसऱ्या पायात हिरवी मिरची धरून, बियांसकट काकडीसारखी खायचा. "बघा, पोपट रडतोय का?" असं आत्या म्हणायची. हा अपमान मी चाळीस वर्षं उराशी बाळगला. पुढं केव्हातरी वाचनात आलं, की पाखरांच्या त्या ग्राहीला कॅप्सेसिन कळतच नाही. त्याला शौर्य लागत नव्हतं. आत्या असती तर सांगितलं असतं.

त्याच सुट्ट्यांत गच्चीवर आमचा एक खेळ चालायचा. एकानं शर्ट काढून पालथं पडायचं. दुसऱ्यानं कंपासपेटीतला विभाजक घ्यायचा, त्याची दोन टोकं पाठीवर हलकेच टेकवायची आणि विचारायचं, "एक का दोन?" आत्येभाऊ हरायचाच. बोट-बोटभर अंतरावर दोन टोकं टेकली असली तरी हा ठामपणे "एक!" आम्ही लोळायचो. तो खवळून उठायचा, "फसवताय रे!" म्हणायचा, मग आमच्यातल्या कुणाला तरी पालथं पाडायचा, आणि तोही तसाच हरायचा. शेवटी मारामारी, मग आत्याची हाक. तिकडं लाइपझिगमध्ये एर्न्स्ट वेबर नावाच्या प्राध्यापकानं हाच खेळ लोकांच्या अंगभर खेळून १८३४ मध्ये त्यावर पुस्तक काढलं होतं, हे आम्हाला कुठलं माहीत? बोटाच्या शेंड्यावर दोन-तीन मिलिमीटर अंतरावरची टोकंही वेगळी कळतात. पाठीवर तीन-चार सेंटिमीटर अंतर असलं तरी एकच वाटतं. एवढी मोठी पाठ, पण तिथं माहिती द्यायला माणसं कमी. देव्हाऱ्यातल्या समईची वात सारखी करणारी बोटं म्हणजे गजबजलेली पेठ, आणि पाठ म्हणजे गावाबाहेरचा माळ.

पण पायताणाच्या बाबतीत मला खरं कुतूहल होतं ते वेगळंच. चार दिवसांनी ते पायात आहे का नाही हे कळणार नाही, म्हणजे नेमकं कुणाला कळणार नाही?

आजीला एकदा विचारलं होतं, "जोडवी टोचत नाहीत तुला?" तिनं आधी वाकून पायाकडं बघितलं. "आहेत व्हय की," म्हणाली. मामाच्या गावी गुऱ्हाळावर जायचो तेव्हाही तेच. लांबूनच गुळाचा वास नाकात शिरायचा, पण काहिलीपाशी बसून काकवी हातात येईपर्यंत वास कुठं गेलेला असायचा कोण जाणे. गुळव्याला विचारावं तर तो म्हणायचा, "कसला वास?" आणि पाण्यात पाकाची गोळी वळून बघायचा.

फिलिप्पो पाचिनी नावाचा एक इटालियन, वैद्यकाचा विद्यार्थी. १८३० च्या दशकात त्याला माणसाच्या हातातल्या मज्जातंतूंना बारीक दाणे लटकलेले दिसले. एकेक दाणा जेमतेम मिलिमीटरभर, आणि आत कांद्यासारखे पदरावर पदर. तळहातात, तळपायात खोलवर बसलेले असतात ते. दाब आला की मधला तंतू ओरडतो. दाब तसाच राहिला की पदर एकमेकांवरून सरकून तो पचवून टाकतात आणि तंतू गप्प. दाब सुटला की पुन्हा एकदा ओरडतो. थरथर मात्र त्याला बरोबर कळते. माझं पायताण करकरतं ते कानाइतकंच तळव्यालाही कळतं, ते यांच्यामुळंच असावं. थोडक्यात, गल्लीतल्या चौकस म्हाताऱ्यासारखं आहे. नवीन बिऱ्हाड आलं की पहिले दोन दिवस सगळी चौकशी, मग खुर्ची फिरवून पेपर. सगळेच ग्राही इतके आळशी नसतात. दुखणं कळवणारे तर मुळीच नाहीत. त्वचेतले ते उघडे तंतू असे सहजासहजी गप्प बसत नाहीत. म्हणून पट्टा विसरता येतो, पट्ट्याचं चावणं विसरता येत नाही, आणि तेल पायाला न लावता पायताणाला लावावं लागतं.

ज्युलियस यांच्या बरोबरीनं ज्यांना ते नोबेल मिळालं, त्या आर्डेम पटापूटियन यांच्या प्रयोगशाळेतलं काम मला फार आवडतं. काचेच्या बारीक टोकानं एका पेशीला टोचायचं. टोचल्यावर तिच्यातून विजेचा बारीकसा झटका उमटायचा. मग त्यांनी ७२ जनुकांची यादी केली, आणि एकेक जनुक बंद करून पुन्हा टोचायचं. लागतंय का? लागतंय. पुढचं बंद करा. आता लागतंय का? लागतंय. असं करता करता एक जनुक बंद केलं आणि पेशी गप्प झाली. दाब कळवणारं दार सापडलं. नाव ठेवलं पिएझो.

हे वाचलं त्या दिवशी मला आबा आठवले.

आबा आयुष्यभर पायताणच घालत. शेवटी शेवटी नवीन जोड आणला की पहिल्याच दिवशी म्हणायचे, "लोण्यागत हाय. पायात हाय का न्हाई कळत न्हाई." आम्हाला वाटायचं, काय कारागीर गाठलाय यांनी. एका संध्याकाळी रंकाळ्यावरून फिरून आले आणि आई दारातच म्हणाली, "अहो, दुसरं कुठं आहे?" आबांनी खाली बघितलं. एका पायात पायताण होतं. दुसरा पाय तसाच, धुळीनं माखलेला, टाचेला काचेचा तुकडा. पायताण कुठं निसटलं ते त्यांना सांगता येईना. काच कधी शिरली तेही.

साखर बरीच वर्षं होती. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतू सगळ्यांत लांब, मीटरभर. साखर आधी त्यांची टोकं खाते.

डॉक्टरांनी आबांना टेबलावर आडवं केलं. त्यांच्याकडं नायलॉनचा एक दोरा होता, ब्रशच्या केसासारखा, एका छोट्या दांडीला लावलेला. तो दहा ग्रॅमचा दाब पडला की वाकतो. "डोळे मिटा. लागलं की हो म्हणा," डॉक्टर म्हणाले. दोरा अंगठ्याखाली टेकला, वाकला. चवड्यावर टेकला, वाकला. मग करंगळीखाली. मी पायाशी उभा राहून बघत होतो. आबा डोळे घट्ट मिटून पडले होते, तोंडी परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. उजवा पाय झाला. डॉक्टर डाव्या पायाकडं वळले. तोही निम्मा झाला.

"सुरू करा की डॉक्टर," आबा म्हणाले.

त्यानंतर ते पाय खाली ठेवायच्या आधी बघून ठेवायचे. पायताणात हात घालून आतून चाचपायचे, खडा आहे का, खिळा आहे का. पायांनी सोडलेलं काम हातांनी आणि डोळ्यांनी वाटून घेतलं होतं. ते एकटं राहिलेलं पायताण आईनं टाकलं नाही. अजून माळ्यावर आहे.

संध्याकाळी माझ्या अंगठ्याच्या बेचक्यात चांगला फोड आला होता. बायकोनं तेलाची वाटी आणून पायताणाशेजारी ठेवली आणि विचारलं, "फार लागतंय का हो?"

"लागतंय," मी म्हणालो.

वाटी तशीच राहिली. उद्या लावीन म्हटलं.