काहिल्स क्रॉसिंगच्या मगरी आणि काठावरची माणसं

समोर तीन मीटरची मगर पाण्यातून वर आली तसा मी ओरडलोच. शेजारी घडीच्या खुर्चीत गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्याने एकदा मान वळवून पाहिलं. "लहान आहे," म्हणाला आणि पुन्हा गळाकडे बघू लागला. पाच मिनिटांनी त्याच्या पोटरीवर हिरवी मुंगी चढली, तर पठ्ठ्या हातातला चहा सांडत ताडकन उठला!

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला काकाडू राष्ट्रीय उद्यानात ईस्ट ॲलिगेटर नदीवर हे काहिल्स क्रॉसिंग आहे. डार्विन शहराहून जबिरू गाव साधारण २५० किलोमीटर, तिथून पुढे ४०. खरं तर या देशात ॲलिगेटर नाहीतच. फिलिप पार्कर किंग या दर्यावर्दीने मगरींना ॲलिगेटर समजून नदीचं बारसं केलं, ते नाव आजही चालू आहे. भरती आली की इथला बुटका सिमेंटचा रस्ता पाण्याखाली जातो, मासे वर चढतात आणि मगरी जबडे उघडून रांगेने उभ्या राहतात. हे बघायचं तर कोरड्या हंगामात, मे ते ऑक्टोबरमध्ये जा. बोवाली पर्यटक केंद्रात भरतीच्या वेळा विचारून घ्या आणि तासभर आधी पोहोचा. पलीकडे अर्नहेम लँड हा मूलनिवासींचा प्रदेश आहे, तिथे परवान्याशिवाय जाता येत नाही. रस्ता पायी मात्र अजिबात ओलांडू नका. इथे माणसं गेली आहेत.

१९७१ पासून खाऱ्या पाण्यातल्या मगरीला इथे कायद्याचं संरक्षण आहे. त्याआधी कातड्यासाठी ती जवळजवळ संपवली होती. आता गावकरी तिच्याविषयी तऱ्हेवाईक शेजाऱ्याविषयी बोलावं तसं बोलतात. मी जबिरूत विचारलं, "रात्री मगरींची भीती नाही का वाटत?" दुकानातल्या बाई म्हणाल्या, "रात्री? म्हशींची वाटते. गाडी चालवू नकोस." ते शब्दशः खरं आहे. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचा.

सगळ्यात मोलाचं बोलला तो आमच्या होडीवरचा बिनिंज, म्हणजे इथला मूलनिवासी, वाटाड्या. मगरीला तो ‘गिंगा’ म्हणतो. "ती तुला नाही, तुझ्या सवयीला पकडते. काल जिथे वाकलास तिथे आज वाकू नकोस." म्हणून पाणी भरणं, मासे धुणं रोज एकाच जागी करू नका. मासे काठावर साफ करून आतडी तिथेच टाकू नका. पाण्यापासून निदान पाच मीटर लांब राहा. डोहात उतरायचं तर तो उघडला आहे का, हे उद्यानाच्या कर्मचाऱ्यांना विचारा. पावसाळ्यात आत शिरलेल्या मगरी शोधून काढल्यावरच डोह उघडतात.

संध्याकाळी म्हातारा निघाला. मुंग्या राहिल्या नाहीत ना म्हणून त्याने खुर्ची दोनदा झटकली. मग ती काखेत मारून, तोंड नदीकडेच ठेवून, एकेक पाऊल मागे घेत तो गाडीपर्यंत गेला.